फेकायची द्राक्षं कोंबड्यांपुढं टाकताय? आधी फवारणीची तारीख बघा

जानेवारी लागला की निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षाची काढणी जोरात सुरू होते. चांगला माल क्रेटमध्ये भरून जातो आणि शेडमध्ये मागे राहतात ते सुटे मणी, तडकलेले घड, रंग न आलेला माल. व्यापारी तो घेत नाही, घरचे खाऊन कंटाळलेले असतात. मग पाटीच्या पाटी परसातल्या कोंबड्यांपुढं रिकामी होते. कोंबड्या तुटून पडतात, पाच मिनिटांत सगळं साफ. वाया जाणारा माल कामी लागला म्हणून बघणाऱ्यालाही बरं वाटतं.

आठ-पंधरा दिवसांनी तक्रारी सुरू होतात. कोंबड्या पातळ हगतात, अंडी कमी झाली, कवच इतकं पातळ की हातात घेताच फुटतं. कधी एखादी कोंबडी सकाळी खुराड्यात मेलेली सापडते आणि घरात एकच बोललं जातं, "मानमोडी आली." दरवेळी मानमोडी असतेच असं नाही. कधी कधी कारण आदल्या दिवशीच्या पाटीत असतं.

फळ म्हणजे कोंबडीला विष नव्हे. पिकलेली पपई, कलिंगड, पेरू, केळं, डाळिंबाचे दाणे हे सगळं कोंबडी आवडीनं खाते आणि तिला ते पचतंही. घात होतो तो तीन ठिकाणी: फळ किती दिलं, कुठल्या अवस्थेतलं दिलं आणि त्यावर काय मारलेलं होतं. नाशिकसारख्या बागायती जिल्ह्यात तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

दहा कोंबड्यांमागे एक केळं

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. त्यातलं फार तर दहावा हिस्सा फळ असावं, असा हिशोब पोल्ट्रीतले जाणकार सांगतात. म्हणजे एका कोंबडीला दिवसाला १० ते १२ ग्रॅम. आकडा लक्षात राहत नसेल तर सोपं माप असं: दहा कोंबड्यांमागे सोललेलं एक मध्यम केळं. द्राक्षाचा टपोरा मणी चार-पाच ग्रॅमचा भरतो, तेव्हा एका कोंबडीच्या वाट्याला दोनच मणी. पाटी नाही, घमेलं नाही, दोन मणी. आणि तेही रोज नको, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

एवढं कमी का, तर कोंबडीचं पोट लहान आणि तिचं काम मोठं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि कवचात २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. हे सगळं तिला खाण्यातूनच उभं करायचं असतं. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम ठेवलेलं असतं. द्राक्षात प्रथिनं एक टक्काही नाहीत, उलट साखर १५ टक्क्यांच्या वर. कलिंगड तर ९० टक्क्यांहून जास्त पाणीच. कोंबडीनं ५० ग्रॅम द्राक्षं खाल्ली तर तिला अर्धा ग्रॅमही प्रथिनं मिळत नाहीत, पण गळ्याखालची अन्नाची पिशवी भरते आणि ती दाण्याकडं ढुंकूनही बघत नाही. गोड समोर असताना भरडा कोण खाणार? माणसाचं पोरही तसंच करतं.

मग अंडी घटतात, कवच पातळ होतं, कोंबडी स्वतःच्या हाडातलं कॅल्शियम काढून अंडं देते. हे एका दिवसात दिसत नाही, म्हणून फळाशी त्याचा संबंध जोडला जात नाही. अर्थात अंडी कमी होण्याला दरवेळी फळच कारण असतं असंही नाही. कोंबडी खुडूक बसली, पिसं झडायला लागली, थंडीत दिवस लहान झाला तरी अंडी घटतात. पण हंगामात रोज पाटीभर फळ जात असेल तर आधी ते बंद करून दहा-बारा दिवस वाट बघावी.

दिवसभर मोकळ्यावर फिरणाऱ्या गावरान कोंबड्यांचं गणित थोडं वेगळं आहे. त्या किडे, गांडुळं, गवताचं बी टिपून निम्मंअर्धं पोट बाहेरच भरतात आणि घरचा दाणा त्यांना थोडाच मिळतो. तिथं फळ आणखी हात राखून द्यायला हवं, कारण फळामुळं दाणा सुटला तर भरून काढायला दुसरं काही नसतं.

या पाच-पंधरा कोंबड्यांचा व्यवहार बहुतेक घरात बाईच्या हातात असतो. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर असो की येवल्याच्या वस्तीवर, अंड्याचा पैसा मीठ-मिरचीला, पोरांच्या वह्यांना, दवाखान्याच्या रिक्षाला लागतो. त्यामुळं अंडी निम्म्यावर आली तर ती बातमी होत नसली तरी घरात जाणवते.

बागेतला माल: धुतला म्हणजे झालं?

द्राक्षबागेला छाटणीपासून काढणीपर्यंत किती फवारण्या होतात हे इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. भुरी, डावणी, मिलीबग, थ्रिप्स, प्रत्येकाचं औषध वेगळं. प्रत्येक औषधाला शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे ते ठरलेलं असतं. बागायतदार त्याला पीएचआय म्हणतात. पुण्याजवळ मांजरी इथं असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीच्या बागांसाठी औषधांची आणि या दिवसांची यादी काढतं, तीच अनेकांच्या शेडमध्ये भिंतीला लावलेली असते.

गोम अशी की हा हिशोब काढणीच्या मालाला लावलेला असतो. कोंबड्यांपुढं जातो तो माल बऱ्याचदा काढणीआधीचा. विरळणीत कापलेले हिरवे मणी, मध्येच काढलेले रोगट घड, पावसानं तडकले म्हणून तोडून टाकलेले. हे तोडतात तेव्हा फवारणीला चार दिवस झालेले असतात, कधी दोन. तोच घड महिनाभर वेलीवर राहिला असता तर औषधाचा अंश बराच उतरला असता. आज तो पूर्ण अंगावर आहे. विरळणीचा माल कोंबड्यांना अजिबात देऊ नये, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणता येईल.

"धुऊन देतो की," असं बरेचजण सांगतात. धुण्यानं वरवर चिकटलेलं निघतं. पण आजची बरीच औषधं आंतरप्रवाही असतात, ती पानातून, सालीतून आत शिरतात. मिठाच्या पाण्यात ठेवा, सोड्याच्या पाण्यात ठेवा, आतलं बाहेर येत नाही. त्याला दिवस जाऊ देणं हाच उपाय.

तीच गोष्ट डाळिंबाची. सटाणा, देवळा, मालेगाव भागात तेल्या आलेली, उकललेली फळं बांधावर ढीग करून टाकतात. तेल्या हा झाडाचा रोग, तो कोंबडीला होत नाही. पण त्या फळावर बोर्डोसारखं तांब्याचं औषध पुन्हा पुन्हा मारलेलं असतं आणि उकललेल्या फळात आतून काळी-हिरवी बुरशी धरलेली असते. बाहेरून बरं दिसणारं डाळिंबही फोडून, दाणे बघूनच द्यावं. दाणे लालभडक आणि कोरडे असतील तर चालेल. आत तपकिरी चिखल असेल तर ते फळ कोंबड्यांच्या वाटेतही टाकू नये, खड्ड्यात पुरावं.

स्ट्रॉबेरी दिसायला नाजूक, पण तिच्यावरही फवारण्या होतात. सुरगाणा-कळवणकडं ती घेणाऱ्यांनी फुटका माल देताना हाच तारखेचा हिशोब बघावा. बेदाण्याचं तर नावच नको. बेदाणा करताना द्राक्षं डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, रंगासाठी गंधकाची धुरी देतात, आणि सुकल्यावर साखर कितीतरी पटीनं वाढते. शेडमधला झाडलोटीचा बेदाणा कोंबडीचं खाद्य नाही.

फळ न देताही हा धोका असतोच. फवारणी झालेल्या बागेत कोंबड्या सोडल्या तर त्या औषधानं तडफडणारे किडे आधी टिपतात, कारण ते पळत नाहीत. दाणेदार कीटकनाशक जमिनीवर सांडलं तर कोंबडी ते बी समजून खाते, औषध लावलेल्या बियाण्याचंही तसंच. फवारणीच्या दिवशी आणि त्यानंतरचे काही दिवस कोंबड्या बागेपासून लांब, डालग्याखाली किंवा जाळीत ठेवलेल्या बऱ्या.

घरच्यासाठी लावलेलं, औषध न मारलेलं परसातलं झाड सगळ्यात चांगलं. न्हाणीघरामागची पपई, दारातला पेरू, विहिरीजवळची केळ, पश्चिमेकडच्या पाड्यांवर जांभूळ आणि करवंद. तिथं तारखेची भानगड नाही, फक्त माप सांभाळायचं.

बी माणसाच्या पोटातून जातं, कोंबडीच्या पोटात दळलं जातं

कोंबडीला दात नसतात. गिळलेलं आधी गळ्याखालच्या पिशवीत भिजतं आणि मग पेट्यात जातं. मटणाच्या दुकानात कलेजी-पेटा म्हणून मिळतो तोच हा पेटा. जाड मांसल भिंती आणि आत कोंबडीनं टिपलेले बारीक खडे. हे कोंबडीचं जातं. म्हणून माणूस जे बी चुकून गिळतो आणि ते अख्खंच बाहेर पडतं, ते कोंबडीच्या पोटात दळलं जाऊ शकतं. बियांबाबत सावध राहायचं ते यासाठी.

आपल्याकडं यात पहिलं नाव सीताफळाचं. गर चालतो, बिया नाहीत. सीताफळाच्या बिया वाटून डोक्याला लावून उवा मारायची जुनी पद्धत खेड्यात आजही आठवते आणि तो लेप डोळ्यात जाऊन डोळ्याला इजा झाल्याची उदाहरणं डॉक्टरांना माहीत आहेत. जे बी उवा मारतं ते कोंबडीनं दळून खावं असं कुणाला वाटेल? गर काढून घ्यावा, बिया गोळा करून पुरून टाकाव्यात. परसात पसरून ठेवलेल्या बिया कोंबडी शोधून काढते.

सफरचंदाच्या बियांत सायनाइड तयार करणारा घटक असतो. एक-दोन बियांनी कोंबडी मरत नाही, पण मधला भाग कापून टाकायला वेळ कितीसा लागतो? पीच, जर्दाळू, प्लम यांच्या कोयीतल्या बीचंही तेच. चिकूचं बी विषापेक्षा आकारामुळं त्रासदायक. त्याला टोकाला आकडा असतो, तो घशात अडकतो. बोराची आठळी आणि आंब्याची कोय कोंबडी फोडू शकत नाही. कोयीभोवतीचा गर टोचून खाते, खाऊ द्यावी, पण संध्याकाळी कोय उचलावी, नाहीतर माश्या होतात.

पपईच्या बिया मात्र चालतात. त्यानं जंत पडतात असं गावात सांगतात. त्या भरवशावर जंताचं औषध द्यायचं थांबवू नये एवढंच. कच्ची पपई, जिच्यातून पांढरा चीक येतो, ती नको.

कुठलं द्यावं, कुठलं नको

पिकलेली पपई, पेरू, केळं, कलिंगड, खरबूज, डाळिंबाचे दाणे, जांभळाचा गर, ड्रॅगन फ्रूट, पिकलेला आंबा: थोडक्यात दिलं तर काही बिघडत नाही. केळ्याचं साल कोंबडीला तोडता येत नाही, बारीक चिरलं तरच खाते, आणि बाजारातून आणलेल्या केळ्याचं साल न दिलेलंच बरं. लिंबू, संत्रं, मोसंबी विषारी नाहीत, पण कोंबड्या तोंडही लावत नाहीत, तेव्हा विषय संपला.

टोमॅटोवर थोडं थांबायला हवं. भाव कोसळला की पिंपळगावच्या रस्त्याला टोमॅटोचे ढीग पडतात हे सगळ्यांनी पाहिलंय. पूर्ण लाल टोमॅटो कोंबडीला चालतो, मापातच. हिरवा टोमॅटो, त्याची पानं आणि वेल यात टोमॅटिन नावाचं द्रव्य असतं, ते अपायकारक. हिरव्या पडलेल्या बटाट्यात आणि त्याच्या कोंबात त्याच जातीचं सोलॅनिन असतं. टोमॅटोचं पीक काढून वेल परसात आणून टाकायची सवय असेल तर ती मोडावी.

कांदा फळ नव्हे, पण लासलगावच्या जिल्ह्यात त्याच्याबद्दल न बोलून कसं चालेल? चाळीतला सडका कांदा उकिरड्यावर जातो आणि कोंबड्याही तिथंच. कांदा जास्त प्रमाणात पोटात गेला तर त्यातली गंधकयुक्त द्रव्यं रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. भाजीतली एखादी पाकळी खाल्ली म्हणून घाबरायचं कारण नाही. रोज सडक्या कांद्याच्या ढिगावर चरणं ही वेगळी गोष्ट.

अव्होकॅडो आता शहरातल्या दुकानात दिसतो, काही शेतकऱ्यांनी हौसेनं झाडंही लावलीत. पक्ष्यांच्या बाबतीत हे फळ बाजूलाच ठेवावं. त्याच्या पानात, सालीत आणि कोयीत पर्सिन नावाचं द्रव्य असतं आणि ते पक्ष्याच्या हृदयावर परिणाम करतं. धोतऱ्याचं फळ, एरंडाच्या बिया, कण्हेर ही तर उघड विषं. शहाणी कोंबडी त्यांच्या वाटेला जात नाही, पण बंद जाळीत भुकेली असली तर टोचून बघते.

आणि मीठ. पेरूच्या, कैरीच्या फोडीला तिखट-मीठ लावून खाताना उरलेलं कोंबड्यांना टाकतात. लोणच्यातल्या फोडीही टाकतात. कोंबडीला मीठ सहन होत नाही, त्यात पाणी कमी असेल तर मिठानं ती मरूही शकते.

सडकं आणि आंबलेलं

"माणसाला नको ते कोंबडीला चालतं" हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. फळ जरा मऊ पडलं, एखादा डाग पडला तर चालेल. बुरशी आलेलं चालणार नाही. बुरशी वर दिसते तेवढीच नसते, रसाळ फळात ती आतपर्यंत गेलेली असते, त्यामुळं वरचा भाग कापून बाकीचं देणं बरोबर नाही.

आंबलेल्या फळाचा त्रास गळ्याखालच्या पिशवीत सुरू होतो. तिथं यीस्ट वाढतं, पिशवी फुगते, तोंडाला आंबट वास येतो, कोंबडी मान ताणत बसते. ओळखायची खूण सोपी आहे. सकाळी खुराडं उघडल्यावर, खायला घालायच्या आधी, कोंबडीच्या गळ्याखाली हात लावून बघावा. रात्रभरात पिशवी रिकामी व्हायला हवी. पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखी लागली तर आत आंबतंय. दगडासारखी घट्ट लागली तर काहीतरी अडकलंय, बहुधा लांब गवत किंवा सालीचे दोरे. अशा वेळी कोंबडीला उलटं धरून पिशवी पिळण्याचा प्रकार गावात चालतो. तो करू नये. आतलं पाणी श्वासनळीत उतरतं आणि कोंबडी तिथंच गुदमरते.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या भागात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात. ताजी चार फुलं कोंबडीनं खाल्ली तर काही होत नाही. पण मोहाचा सडवा किंवा गाळून उरलेला चोथा उघड्यावर टाकला तर कोंबड्या तो पोटभर खातात आणि झिंगतात. बघायला गंमत वाटते, पोरं हसतात. कोंबडीच्या दीड-दोन किलोच्या देहाला ती दारू फार होते.

सडलेल्या ढिगाचा आणखी एक धोका आहे. कुजलेल्या पदार्थात आणि त्यातल्या अळ्यांमध्ये बोटुलिझमचं विष तयार होऊ शकतं. ते पोटात गेलं की कोंबडीची मान लुळी पडते, ती उचलता येत नाही, पाय आणि पंख ढिले पडतात. मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्ये, मान बहुधा पिळवटते, वेडीवाकडी होते, सोबत श्वासाचा त्रास आणि हिरवी हगवण असते. दोन्हीला लोक मानमोडीच म्हणतात. फरक नजरेनं पक्का करायचं काम डॉक्टरांचं, पण मान लुळी की पिळवटलेली एवढं नीट बघून सांगितलं तरी त्यांना मदत होते. राणीखेतची लस वेळच्या वेळी टोचलेली असेल तर निम्मा गोंधळ आधीच कमी होतो.

देताना कसं द्यायचं

सकाळी उपाशीपोटी फळ नको. आधी दाणा, पाणी. फळ दुपारनंतर, चिरून. द्राक्षाचा मणी अर्धा करून द्यावा, लहान तलंगांना तर नक्कीच. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना फळाची गरजच नाही, त्यांना वाढीसाठी २० टक्क्यांच्या वर प्रथिनं असलेलं खाद्य लागतं आणि तेवढ्या लहान पोटात गोडाला जागा नाही.

जमिनीवर, शेणामातीत टाकू नये. जुनी परात किंवा पत्र्याचा तुकडा पुरतो. एकाच परातीत सगळं टाकलं तर दोन दांडग्या कोंबड्या आणि कोंबडा सगळं फस्त करतात, मापाचा हिशोब कोलमडतो. दोन-तीन ठिकाणी वाटून टाकावं. तासाभरात न संपलेलं उचलावं, संध्याकाळपर्यंत राहिलं तर घुशी-उंदीर येतात.

कावळे आणि साळुंक्याही येतात, आणि हे वाटतं तेवढं साधं नाही. रानपाखरांच्या विष्ठेतून कोंबड्यांना रोग लागू शकतात. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला आढळला होता, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. फळाचे ढीग उघड्यावर टाकून पाखरांना बोलावण्याचं काही कारण नाही.

उन्हाळ्यात फळाचा खरा उपयोग होतो. एप्रिल-मेमध्ये मालेगावात पारा ४२ अंशांच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, पंख फाकवते. अशा दुपारी गार कलिंगडाची फोड तिला बरी वाटते. पण पाण्याचं भांडं आधी. एरवी पाव लिटर पाणी पिणारी कोंबडी कडक उन्हात त्याच्या दुप्पटही पिते. पाणी सावलीत, मातीच्या पसरट भांड्यात आणि दुपारी एकदा बदललेलं असावं. कलिंगड पाण्याच्या बदल्यात नाही, पाण्याबरोबर.

फळापेक्षा हिरवा पाला केव्हाही सरस. मेथीची देठं, शेवग्याचा पाला, लसूणघास. अंड्याचा बलक पिवळाधमक होतो तो मुख्यतः पाल्यामुळं आणि पिवळ्या मक्यामुळं, पपई-आंब्यामुळं फारसा नाही. कवच पातळ होत असेल तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. घरची अंड्याची टरफलं तव्यावर भाजून, कुटून दिली तरी चालतात. अख्खी टरफलं दिली तर कोंबडी अंडं फोडून खायला शिकते.

लाल विष्ठा दिसली म्हणून घाबरू नये, पण बघावी

लाल ड्रॅगन फ्रूट खाल्लं की दुसऱ्या दिवशी विष्ठा गुलाबी-लाल, जांभूळ खाल्लं की जांभळट. कलिंगडानं पाणीदार. हा फळाचा रंग, एका दिवसात जातो. पण फळ न देताही विष्ठेत रक्त दिसत असेल, कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसली असेल, तुरा फिका पडला असेल तर ती रक्ती हगवण असू शकते. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत ती जास्त दिसते आणि वेळेत औषध न मिळाल्यास पिल्लं पटापट जातात. फळ एक दिवस बंद केलं की कुठला रंग आहे ते कळतं. पिल्लांच्या बाबतीत मात्र एक दिवसही थांबू नये.

काही बिघडलंच तर

फवारलेला माल खाऊन विषबाधा झाली तर ती बहुधा काही तासांतच दिसते. तोंडातून लाळ, अंग थरथरणं, पायातली ताकद जाणं, धाप, पातळ हगवण. एकाच वेळी तीन-चार कोंबड्यांना असं झालं तर रोगापेक्षा विषाचा संशय आधी घ्यावा. उरलेलं फळ लगेच उचलावं, बाकीच्या कोंबड्या बंद कराव्यात, आजारी कोंबडी सावलीत वेगळी ठेवावी, स्वच्छ पाणी ठेवावं. तेल, ताक, हळदीचं पाणी, दारू चोचीत ओतू नये. मान न सावरणाऱ्या कोंबडीच्या चोचीत काहीही ओतलं तरी ते फुफ्फुसात जातं.

औषधाची बाटली किंवा पाकीट फेकू नये. डॉक्टरांना नाव कळलं तर उपचार ठरवता येतो. बागेत काय मारलंय हे फवारणी करणाऱ्या पोराला माहीत असतं, घरातल्या बाईला नसतं, आणि कोंबड्या सांभाळते ती. शेडच्या भिंतीवर औषधाचं नाव आणि तारीख खडूनं लिहिली तरी भागतं.

कोंबडी आता मरणारच असं दिसलं की गावात ती पटकन कापतात, निदान रस्सा तरी होईल म्हणून. विषबाधेचा संशय असलेली कोंबडी कापून खाऊ नये. शिजवल्यानं कीटकनाशक निघून जाईल असं धरून चालता येत नाही आणि ते घरातल्या लेकरांच्या ताटात जातं. वाचलेल्या कोंबड्यांची अंडी खायची की नाही, किती दिवस टाकून द्यायची, हे औषध कुठलं होतं त्यावर ठरतं, तेव्हा तेही डॉक्टरांनाच विचारावं. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्डा करून, वर चुना टाकून पुरावी, नाहीतर कुत्री उकरतात.

गावात पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन लावताना कोंबड्या किती, वय काय, लस कधी दिली, काल काय खाल्लं आणि शेजारच्या बागेत शेवटची फवारणी कधी झाली, एवढं हाताशी असू द्यावं.